शॅमेलिऑनची मादी अंड्यावर आलीये? काय करायचं, काय नाही (नर नसला तरी हे वाचा)

आधी वाळूचा डबा ठेवा, मग बाकीचं वाचा. खरंच सांगतेय. तुमच्याकडे व्हेल्ड शॅमेलिऑनची, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याच्या एका जातीची, मादी असेल आणि ती चार-पाच महिन्यांच्या पुढे गेली असेल तर पिंजऱ्यात ओल्या वाळूचा एक खोल डबा कायमचा हवाच, नर असो नसो. कारण ह्या माद्या नराशिवायही अंडी धरतात, गावाकडे कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी देतेच ना तसंच, फक्त कोंबडी एका वेळी एक देते आणि ही बया एकदम वीस-तीस-चाळीस, भरपूर खायला घातलं असेल तर सत्तरसुद्धा. आणि ती घालायला तिला मनासारखी जागा मिळाली नाही तर अंडी पोटातच राहतात आणि मादी जाते. म्हणून आधी डबा.

मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, लेकाच्या वाढदिवसाला हा प्राणी घरात आला, दुकानातल्या पोराने छातीठोकपणे सांगितलं की नर आहे, म्हणून नाव ठेवलं बंड्या. सहा-सात महिने बंड्या मजेत. मग एक दिवस बंड्या फांदीवरून खाली उतरला आणि पिंजऱ्याचे कोपरे खरवडायला लागला, खाणं बंद, जाळीवर वर-खाली वर-खाली. मला वाटलं पिंजरा लहान पडतोय. रविवारी आईशी व्हिडिओ कॉल चालू होता, तिने वाईहून मोबाईलमध्ये बघितलं आणि म्हणाली, "अगं तो कसला बंड्या, पोटुशी आहे ती! कोंबडी अंड्यावर आली की अशीच जागा हुडकत फिरते." आईने आयुष्यात शॅमेलिऑन पाळलेला नाही. पण तिने वीस सेकंदात ओळखलं ते मला चार दिवस कळलं नव्हतं. बंड्याची त्या दिवसापासून बंडी झाली.

तर नर की मादी हे आधी बघून घ्या, सगळ्यात सोप्पं आहे. मागच्या पायाची टाच बघायची. व्हेल्डच्या नराला तिथे मागच्या बाजूला छोटासा गोळा किंवा काटा असतो, कोंबड्याच्या पायाला मागे टोक असतं तसा, आणि तो अंड्यातून बाहेर आल्यापासून असतो, मोठं व्हायची वाट बघावी लागत नाही. मादीची टाच सपाट. डोक्यावरचा तुरा नराचा उंच होतो पण तो नंतर, आणि लहानपणी त्यावरून हमखास फसायला होतं. आम्ही टाच बघितलीच नव्हती, कारण बघायची असते हेच माहीत नव्हतं.

हे सगळं मी व्हेल्डबद्दल लिहितेय हे लक्षात ठेवा, म्हणजे येमेन आणि सौदीच्या नैऋत्येकडच्या डोंगराळ भागातला जो हिरवा, उंच तुऱ्याचा असतो तो. अमेरिकेत दुकानात मिळतो तो बहुतेक हाच. सगळे शॅमेलिऑन सारखे नसतात. पूर्व आफ्रिकेतला तीन शिंगांचा जॅक्सन्स शॅमेलिऑन तर अंडी बाहेर घालतच नाही, पाच-सहा महिने पोटात वाढवतो आणि थेट पिल्लं, त्यामुळे जॅक्सन्सवाल्यांनी वाळूच्या डब्याच्या भानगडीत पडू नये. मादागास्करच्या पार्सन्सची अंडी उबायला दीड-दोन वर्षं लागू शकतात. आणि तिथलाच लॅबोर्ड म्हणून एक आहे त्याचं तर वेगळंच, आठ-नऊ महिने अंड्यात आणि बाहेर आल्यावर चार-पाच महिन्यांत मोठा होऊन, जोडी जमवून, अंडी घालून खलास. म्हणजे आयुष्यातला जास्त काळ अंड्यातच. मी हे वाचलं तेव्हा दोन मिनिटं नुसती बसून राहिले होते.

अंडी येणार हे ओळखायचं कसं

पहिली खूण रंग. मादी वयात आली, म्हणजे साधारण चार ते सहा महिन्यांची झाली, की हिरव्या अंगावर निळसर, फिरोजी ठिपके दिसायला लागतात. ह्याचा अर्थ ती नराला हो म्हणायच्या मूडमध्ये आहे. ठिपके दिसले म्हणजे लगेच अंडी आली असं नाही पण आता डबा नसेल तर आजच आणा. नराशी संबंध आला असेल तर पुढे काही तासांत ते एका दिवसात ती गडद होते, काळपट हिरवी, त्यावर पिवळे आणि निळे डाग, एकदम नक्षीदार. हा रंग म्हणजे "लांब राहा" अशी पाटी आहे. नर जवळ आला तर तोंड उघडून फिस्कारते, डोलते, चावायलाही जाते. नर नसलेली मादीसुद्धा पोटात अंडी असली की बऱ्याचदा गडद होते, पण प्रत्येकच होते असं नाही, आमची फार बदलली नव्हती, म्हणून नुसत्या रंगावर विसंबू नका.

दुसरी खूण पोट. सुरुवातीला नुसतं जाड वाटतं, आपल्याला वाटतं बाळसं धरलंय, मग शेवटी शेवटी दोन्ही बाजूंनी गोट्या भरलेल्या पिशवीसारखं उंचसखल दिसतं. दाबून बघू नका. मलाही मोह झाला होता.

तिसरी आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे वागणं. शॅमेलिऑन हा झाडावरचा प्राणी, उगाच खाली उतरत नाही. तो तळाला फिरतोय, कुंडीतली माती उकरतोय, जाळी-काच खरवडतोय, खाणं सोडलंय आणि पाणी मात्र पितोय, हे सगळं एकदम दिसलं म्हणजे दिवस भरलेत. नराशी संबंध झाल्यापासून साधारण २० ते ३० दिवसांत ही वेळ येते. कुंडीत उकरत असेल तर त्या कुंडीतही घालू शकते, चालतं, फक्त त्या मातीत खताचे दाणे, ते पांढरे हलके गोळे वगैरे नकोत आणि रोपाच्या मुळांचं जाळं नको, नाहीतर बिचारी अर्ध्यात सोडून देते.

डबा

प्लास्टिकचा साधा टब, पण पारदर्शक नको. ३० सेंटीमीटर लांब, ३० रुंद, आणि आत वाळू निदान २० सेंटीमीटर खोल, ३० असेल तर उत्तमच. वाळू म्हणजे मुलांच्या खेळायच्या सँडपिटमध्ये घालतात ती धुतलेली वाळू, हार्डवेअरच्या दुकानात मोठ्या पिशवीत मिळते, नुसती वापरा किंवा निम्मी खत नसलेली माती मिसळा. भरायच्या आधी टब पिंजऱ्यात जागेवर ठेवा आणि मग भरा. मी आधी भरला आणि मग उचलायला गेले, नवरा म्हणाला अगं हा ३५-४० किलोचा झालाय, कंबर जाईल. आणि पिंजऱ्याचा तळ जाळीचा असेल तर खाली फळी टाका, नाहीतर तळ बसेल.

ओल किती ठेवायची हा खरा प्रश्न आहे आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. चिखल नको, कोरडी तर अजिबात नको. आपण लहानपणी चौपाटीवर वाळूत हात घालून बोगदा करायचो, दोघांनी दोन बाजूंनी खणायचं आणि मधे बोटं भेटायची, तो बोगदा ज्या वाळूत ढासळत नाही तीच वाळू. करून बघा, मनगटाएवढं भोक तिरकं खणा, पाच मिनिटं थांबा, टिकलं तर ओल बरोबर. ढासळलं तर अजून पाणी, तळाशी पाणी साचलं तर जास्त झालं. मादी आत पूर्ण जाते, डोक्यावर बोगदा कोसळला तर पुन्हा नव्याने खणते, आणि दोन-तीनदा असं झालं की थकते. हिवाळ्यात इकडे घरात हीटर चालू असतो, त्याने वरची वाळू दोन दिवसांत खडखडीत होते, म्हणून कडेने पाणी ओतत राहायचं. आणि डब्यापर्यंत उतरायला एक जाडशी फांदी तिरकी लावून ठेवा.

एकटं सोडा हो तिला

हा ह्या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि सगळ्यात अवघडसुद्धा, कारण घरात सगळ्यांना बघायचं असतं. मादी खणायला लागली आणि तिला कळलं की कुणीतरी बघतंय तर ती काम थांबवते. भोक अर्धवट टाकून वर जाते. एकदा, दोनदा, तीनदा, आणि मग अंडी आत राहून जातात. म्हणजे डबा एकदम बरोबर, ओल एकदम बरोबर, आणि तरी मादी गेली, का, तर घरातली चार माणसं काचेला नाक लावून उभी होती.

आम्ही पिंजऱ्याच्या खालच्या अर्ध्या भागाला जुनी चादर बांधली, एका कोपऱ्यात बोटाएवढी फट ठेवली, आणि नियम केला की सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, तेही लांबून, फक्त मीच बघणार. लेक रुसला. त्याला मोबाईल आतल्या कोपऱ्यात ठेवून व्हिडिओ करायचा होता, मी म्हटलं बाळंतिणीच्या खोलीत कॅमेरा लावतात का. एखादा जुना छोटा कॅमेरा आधीपासूनच तिथे बसवलेला असेल तर ठीक आहे, पण ऐन खणायच्या वेळी हात आत घालायचा नाही. पाण्याचे फवारे चालू ठेवा पण वरच्या पानांवर, डब्यावर नको. खायला समोर नाचवू नका, भूक नसतेच.

होतं काय, ती आधी दोन-चार ठिकाणी चाचपून बघते, नुसते खळगे. ते बघून आपण घाबरतो की जागा आवडली नाही की काय. मग एका ठिकाणी खरं काम सुरू होतं, पुढच्या पायांनी उकरायचं आणि मागच्या पायांनी वाळू बाहेर लोटायची, बोगदा डब्याच्या तळापर्यंत जातो. ह्यात पूर्ण दिवस जाऊ शकतो, कधी दीड-दोन. रात्र झाली तर बोगद्यातच झोपते, आमची झोपली होती आणि मी रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन उठले होते, नवऱ्याने झोपायला पाठवलं. लाइट नेहमीच्या वेळेला बंद करा, तिच्यासाठी म्हणून चालू ठेवू नका. खणून झालं की ती वळते, तोंड बाहेर आणि शेपटी आत, आणि अंडी घालते. ह्या वेळी फक्त डोक्याचा तुरा आणि एक डोळा दिसतो. मग सगळी वाळू परत आत ओढते आणि पायांनी दाबून इतकी सपाट करते की दुसऱ्या दिवशी मला कळेना नक्की कुठे घातली. हे दाबायचं काम ती फार मन लावून करते, तेव्हा मधे पडू नका, मादी वर फांदीवर स्वतःहून गेली की मगच डबा हलवायचा.

वर आली ती बघवत नाही हे आधीच सांगून ठेवते. पोट खपाटीला, अंग वाळूने माखलेलं, मातकट रंग, डोळे थकलेले. पहिलं काम पाणी, कोमट पाण्याचा बारीक फवारा दहा-पंधरा मिनिटं, ती पीत राहील. मग तीन-चार दिवस पोटभर किडे, प्रत्येक वेळी कॅल्शियमची पावडर लावून. आई विचारत होती शेपाची भाजी देऊ का म्हणून, व्हेल्ड पानं खातात खरं तर, पण आत्ता तिला किडेच द्या. आणि हे लाड तेवढेच दिवस, का ते पुढे सांगते.

अडकली तर

ह्याला इकडे एग बाइंडिंग म्हणतात. बाईला कळा येताहेत आणि बाळ येत नाही तसंच. कधी ओळखायचं: दोन दिवसांच्या वर खणतेय आणि काहीच होत नाहीये, किंवा खणणं सोडून तळाला नुसती पडून आहे, किंवा दिवसा डोळे मिटून बसतेय. शॅमेलिऑन दिवसा डोळे मिटत नाही, मिटले म्हणजे काहीतरी बिघडलंय हे कायमचं लक्षात ठेवा, अंडी असोत नसोत. डोळे खोल गेलेत, फांदीची पकड सुटतेय, पाय थरथरताहेत, ह्यातलं एक जरी दिसलं तर त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे. कुत्र्या-मांजराचा डॉक्टर कितीही चांगला असला तरी त्याला हे जमेलच असं नाही, तेव्हा मादी आणली त्याच आठवड्यात जवळचा रेप्टाइल व्हेट शोधून नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा. ते एक्स-रे काढतात, अंडी दिसतात, मग पाणी आणि कॅल्शियमची इंजेक्शनं, कधी अंडी बाहेर यायला ऑक्सिटोसिन, आणि त्यानेही नाही झालं तर ऑपरेशन. घरी तेल लावणं, पोट चोळणं, कोमट पाण्यात बसवणं असले प्रकार करू नका, पोटात अंडं फुटलं तर संपलंच.

ह्यामागे बहुतेक वेळा तीन कारणं असतात, जागा नाही, एकांत नाही, नाहीतर कॅल्शियम नाही. कॅल्शियम लागतं कारण एक तर इतक्या अंड्यांच्या कवचाला ते तिच्याच हाडांतून जातं आणि दुसरं म्हणजे अंडं बाहेर ढकलायला स्नायू आकसावे लागतात, त्यालाही कॅल्शियमच. म्हणून रोजच्या किड्यांवर व्हिटॅमिन डी-थ्री नसलेली साधी कॅल्शियम पावडर, महिन्यातून दोनदा डी-थ्री आणि मल्टिव्हिटॅमिनवाली, आणि डोक्यावर यूव्हीबीची, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी, लांब ट्यूब, नुसता साधा पिवळा बल्ब चालणार नाही. यूव्हीबीशिवाय तिला ते कॅल्शियम अंगी नीट लागत नाही, कितीही पावडर चोळा.

अंडी कमी कशी करायची

आता ते लाडांचं. मादीला जितकं खायला आणि जितकी ऊब जास्त तितकी अंडी जास्त. शरीराला वाटतं सुगी आहे, घाला अंडी. साठ-सत्तर अंडी घालणारी मादी दर तीन-चार महिन्यांनी घालत राहिली तर दोन-तीन वर्षांत झिजून जाते, नर त्यापेक्षा बरीच जास्त वर्षं काढतात. म्हणून मोठ्या मादीला एक दिवसाआड तीन-चार किडे पुरे, आणि ऊन शेकायच्या फांदीवर २७ अंश सेल्सियसच्या आसपास, इकडच्या फॅरनहाइटमध्ये ८०. पिल्लू वाढतंय तोवर भरपूर द्या, मोठी झाली की हात आखडायचा. एवढ्याने अंडी निम्म्यावर येतात, काही जणांच्या माद्या तर मग वर्षभर घालतच नाहीत. आपल्या माणसांना हे जड जातं. आमच्या सासूबाई इकडे आल्या होत्या तेव्हा "काय गं उपाशी ठेवतेस मुकं जनावर" म्हणून गुपचूप किडे घालायच्या, त्या गेल्यानंतरच्या खेपेला अंडी किती ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

पिल्लं हवीच असतील तर

माझं मत विचाराल तर नका. तीस अंडी उबली तर तीस पिल्लं, ती मोठी होतील तशी एकमेकांना सहन करत नाहीत, मग तीस पिंजरे, तीस यूव्हीबी. देणार कुणाला? आणि नको झाले म्हणून बाहेर सोडायचे तर अजिबात नाही, फ्लोरिडात आणि हवाईच्या माउई बेटावर लोकांनी असेच सोडलेले व्हेल्ड आता तिथल्या स्थानिक जिवांना धोका ठरलेत.

तरी करायचंच ठरवलं असेल तर मादी निदान वर्षाची होऊ द्या. वयात चार-सहा महिन्यांत आली तरी अंग भरलेलं नसतं. तिला निळसर ठिपके आले की तिला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं, उलटं नाही, आणि जवळ बसून लक्ष ठेवायचं. नर एकदम भडक होतो, अंग चपटं करून उभं मोठं करतो, मान झटकतो, शेपटी गुंडाळतो-सोडतो. मादी शांत, हळूहळू पुढे चालत राहिली तर होकार, आणि तोंड उघडून काळपट झाली तर लगेच बाहेर काढा, चावाचावी वाईट होते. संबंध दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत चालतो. नराला लिंगं दोन असतात, शेपटीच्या बुडाशी आत वळवलेली, एका वेळी एकच वापरतो, सरडे आणि साप सगळ्यांचंच असं असतं, म्हणून शेपटीचं बूड फुगलं म्हणून घाबरून डॉक्टरकडे पळू नका. एक-दोन दिवस पुन्हा पुन्हा होतं, मग मादी गडद झाली की वेगळी करायची. आणि एक लक्षात घ्या, मादी नराचं बीज पोटात साठवून ठेवते, त्यामुळे एकदाच्या संबंधावर पुढची खेपही, तीन-चार महिन्यांनी, नराचं तोंडही न बघता, पिल्लांची होऊ शकते.

अंडी काढायची कशी, तर मादी वर गेल्यावर वाळू हाताने हळूहळू, चमच्याने नाही. मोठ्या काबुली चण्याएवढी, जरा लांबट, पांढरी, कवच कोंबडीसारखं कडक नाही तर चामड्यासारखं मऊ. जशी सापडेल तशीच उचला, फिरवू नका, वरच्या बाजूला पेन्सिलीने बारीक ठिपका करा, कारण आतला जीव एका बाजूला चिकटून वाढतो आणि अंडं उलटं झालं तर तो गुदमरू शकतो. कोंबडी अंडी फिरवते म्हणून आपणही फिरवायची हे इथे लागू नाही. झाकणाच्या डब्यात ओलसर व्हर्मिक्युलाइट, बागकामाच्या दुकानात मिळतं ते, मुठीत दाबलं तर एखाद-दोन थेंब पडतील इतकंच ओलं, त्यात अंडी अर्धी पुरून बोटाएवढ्या अंतरावर. झाकणाला दोन-तीन बारीक भोकं. कपाटात अंधारात, २४ ते २८ अंशांत. इन्क्युबेटर असलाच पाहिजे असं नाही, उलट जास्त उष्णता दिली की पिल्लं अशक्त निघतात.

आणि मग विसरून जा. सहा ते नऊ महिने! बाईचे नऊ महिने तसे हिच्या अंड्यांचे, फक्त आई बाजूला. मादी खुडूक बसत नाही, घातली अंडी की तिचा संबंध संपला, पिल्लं समोर आली तर खाईलसुद्धा. दर दोन आठवड्यांनी झाकण उघडून हवा बदला, पिवळी पडून आत बसलेली आणि बुरशी धरलेली अंडी काढून टाका, बाकीची फुगत जातात ते चांगलं लक्षण. शेवटी अंड्यावर घामाचे थेंब आल्यासारखं दिसतं, मग एक-दोन दिवसांत पिल्लू टोकाला चीर पाडून नाक बाहेर काढतं आणि तसंच बसून राहतं, कधी पूर्ण दिवस. ओढून काढू नका, आतला बलक अंगात शोषून घेत असतं ते. पहिल्या दिवशी खात नाहीत, मग फळमाश्या आणि टाचणीच्या डोक्याएवढे क्रिकेट म्हणजे रातकिडे, आणि पाणी फवाऱ्यानेच, वाटीत ठेवलं तर बुडतात.

पोकळ अंडी मात्र, म्हणजे नर नसताना घातलेली, उबवत बसू नका, त्यातून काही निघत नाही. लेकाने एक लपवून ठेवलं होतं, पंधरा दिवसांनी खोलीत वास सुटला तेव्हा कळलं.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी

आपल्याकडे जो आहे तो वेगळा, भारतीय शॅमेलिऑन, गावाकडे त्याला घोयरा म्हणतात, कुठे सरडगुहिरा. त्याला पाळायचं नाही, उचलून घरी आणायचं नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो संरक्षित आहे. आणि विषारी वगैरे काही नाही, ते सगळं भीतीपोटी, माझ्या मामाच्या गावी लोक घोयरा दिसला की दगड उचलायचे. त्याची मादीसुद्धा झाडावरून उतरून जमीन खणूनच अंडी पुरते. एरवी झाडावर सापडायचा नाही असा प्राणी बांधावर, पायवाटेच्या कडेला हळूहळू डुलत चाललेला दिसला तर ती बहुतेक अंड्यावर आलेली मादी असू शकते, तिला "वाचवून" लांब जंगलात वगैरे नेऊ नका. रस्त्यात असेल तर ज्या दिशेला चालली होती त्या बाजूला काठीवर चढवून सोडा. खणत असेल तर कुत्र्यांना हाकला आणि निघा तिथून, फोटो लांबून. बाहेरदेशातला व्हेल्ड पाळत असाल तर तोही साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे, म्हणजे भारतात त्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, आणि पिल्लं झाली तर तीही कळवावी लागतात, हे अंडी उबवायला ठेवायच्या आधी बघा, नंतर नाही.

बंडीने त्या पहिल्या खेपेला ४१ घातली. दुसऱ्या खेपेला, खाणं आखडल्यावर, १९. डब्यातली वाळू मी दोन खेपांनंतर बदलते, आत्ता नवी भरलीये, कालच बोगद्याची टेस्ट केली, जरा कोरडी वाटली म्हणून कडेने दोन तांबे पाणी ओतलंय. ती वर फांदीवर बसून एका डोळ्याने माझ्याकडे आणि दुसऱ्याने डब्याकडे बघत होती.